सहकाऱ्यांची साक्ष : शिकाऊ डॉक्टरांच्या मूल्यमापनाचा एक मार्ग

पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षेची पद्धत आपल्या देशात गेल्या कित्येक दशकांत मूलतः फारशी बदललेली नाही. परीक्षार्थीस एक रुग्ण सविस्तर तपासावयास देतात, दोन-तीन रुग्ण थोडक्यात तपासावयास देतात, आणि मग परीक्षक त्याच्याभोवती उभे राहून प्रश्न विचारतात. ‘लाँग केस’ आणि ‘शॉर्ट केस’ ही या प्रकारांची नावे मराठी मुलखातील वैद्यकीय महाविद्यालयांतही तशीच रूढ आहेत. त्यानंतर टेबलावर मांडलेली उपकरणे, क्ष-किरण चित्रे व औषधे दाखवून तोंडी परीक्षा होते. परीक्षक साधारणतः चार. त्यांपैकी निम्मे बाहेरच्या विद्यापीठातून आलेले. संध्याकाळपर्यंत निकाल मनाशी ठरतो. तीन वर्षे ज्याने वॉर्डात काढली, त्याची पारख तासा-दोन तासांत होते.

या परीक्षेची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. रोगाची लक्षणे नेमकी टिपता येतात की नाही, निदानाचा विचार शिस्तीने होतो की नाही, हे अनुभवी परीक्षकास थोड्या वेळात खरोखरच कळते. परंतु काही गोष्टी त्यास कळणे शक्यच नसते. रात्री तीन वाजता परिचारिकेने फोन केला असता हा डॉक्टर उठून येतो, की फोनवरूनच औषध सांगून कूस बदलतो? ड्युटी संपताना पुढच्या सहकाऱ्यास तो गंभीर रुग्णांची माहिती नीट देतो काय? स्वतःची चूक झाल्यास ती तो सांगतो, की कागदावर वेळ बदलून लिहितो? मृत रुग्णाच्या नातेवाइकांशी तो कोठे उभा राहून, कोणत्या शब्दांत बोलतो? परीक्षेच्या दिवशी प्रत्येक जण उठून येतो, नीट सांगतो आणि सौम्यपणे बोलतो. परीक्षेचा दिवसच त्यासाठी असतो.

अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये या अडचणीचे एक सुटसुटीत चित्र काढून दाखविले. त्यांनी वैद्यकीय कौशल्याचा चार मजल्यांचा पिरॅमिड कल्पिला. तळाशी ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसे करावे हे माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’, आणि शिखरावर केवळ ‘करतो’. लेखी परीक्षा खालचे दोन मजले तपासते, प्रात्यक्षिक परीक्षा तिसरा. शिखरावर काय चालते ते पाहावयाचे असेल, तर ज्या ठिकाणी काम चालते तेथेच पाहावे लागते, आणि तेथे परीक्षक नसतो. तेथे असतात ते सहकारी.

दिल्लीच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. अरविंद मार्गाच्या एका बाजूस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि दुसऱ्या बाजूस सफदरजंग रुग्णालय. शहराच्या जुन्या भागाजवळ मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले लोकनायक रुग्णालय. कॅनॉट प्लेसजवळ लेडी हार्डिंग महाविद्यालय. यमुनेपलीकडे युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस व गुरू तेगबहादूर रुग्णालय. या साऱ्या ठिकाणी उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, राजस्थान येथून आलेले रुग्ण पहाटेपासून रांगा लावतात, आणि रात्रीचा कारभार जवळजवळ सर्वस्वी निवासी डॉक्टरांच्या हाती असतो. सकाळच्या राउंडला येणारे प्राध्यापक रुग्ण पाहतात, कागद पाहतात, आणि निवासी डॉक्टरने सांगितलेला वृत्तांत ऐकतात. रात्र मात्र त्यांनी पाहिलेली नसते. ती पाहिलेली असते बरोबरच्या निवासी डॉक्टरांनी, इंटर्नांनी, परिचारिकांनी, प्रयोगशाळेतील टेक्निशियनने, क्ष-किरण विभागातील माणसाने आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयने.

भारतीय वैद्यकीय शिक्षणाचा पाया ज्या अहवालावर रचला गेला, त्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात समाजाभिमुख वैद्य घडविण्याची अपेक्षा स्पष्टपणे मांडलेली होती. अखिल भारतीय संस्थेची कल्पनाही त्याच अहवालातील. ती १९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने प्रत्यक्षात आली. (तिचे पहिले संचालक डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित हे होते, हे मराठी वाचकास सहसा ठाऊक नसते.) डॉक्टर कसा असावा याविषयीची अपेक्षा अशा रीतीने प्रारंभापासूनच व्यापक होती, मोजण्याची काठी तेवढी आखूड राहिली. ज्याला पुढे ‘सहकाऱ्यांचे मूल्यमापन’ किंवा ‘बहुस्रोत मूल्यमापन’ म्हटले गेले, त्याचा जन्म या काठीची लांबी वाढविण्याच्या प्रयत्नातून झाला.

येथे शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजीतील ‘फीडबॅक’ या शब्दासाठी मराठी शिक्षणशास्त्रात ‘प्रत्याभरण’ हा शब्द रूढ आहे. तो अर्थाने नेमका आहे. पण वॉर्डातील सिस्टरपुढे जाऊन ‘आपले प्रत्याभरण द्या’ असे म्हणण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकास होत नाही. ‘अभिप्राय’ हा शब्द सोपा आहे, परंतु त्यात मताची छटा अधिक, पाहिल्याची कमी. या प्रकरणात म्हणून ‘साक्ष’ हा शब्दही अधूनमधून योजला आहे. साक्षीदाराने आपण स्वतः पाहिले तेवढेच सांगावयाचे असते, आणि या पद्धतीचे सारे बरेवाईट त्याच एका अटीवर अवलंबून आहे.

या विषयावरील पद्धतशीर संशोधनात १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास पायाभूत मानला जातो. सिएटल येथील पॉल रॅम्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांविषयी त्यांच्या समव्यावसायिकांची मते छापील प्रश्नावलीतून मागविली. एकदोघांचे मत लहरी असू शकते, पण साधारण अकरा जणांची मते एकत्र केली असता विश्वसनीय चित्र मिळते, असे त्यांना आढळले. दुसरा निष्कर्ष अधिक मननीय होता. प्रश्न पुष्कळ विचारले तरी उत्तरे दोन गटांतच एकवटत : एक, वैद्यकीय ज्ञान व उपचारकौशल्य, दुसरा, माणूस म्हणून वागणूक. म्हणजे सहकारी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतात. एखादा निष्णात आहे पण उद्धट आहे, किंवा प्रेमळ आहे पण कच्चा आहे, हा भेद ते करतात. परीक्षेतील एकच आकडा तो भेद पुसून टाकतो.

कॅनडातील अल्बर्टा प्रांताने १९९९ पासून तेथील डॉक्टरांसाठी ही पद्धत व्यापक प्रमाणावर राबविली. तीत समव्यावसायिक, इतर आरोग्यकर्मी आणि रुग्ण यांना विचारले जाई. इंग्लंडमध्ये या पद्धतीला बळ मिळण्यास एक दुःखद प्रकरण कारणीभूत झाले. ब्रिस्टल येथील रुग्णालयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९५ पर्यंत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंचे प्रमाण अन्य केंद्रांपेक्षा अधिक होते. स्टीफन बोल्सिन नावाच्या भूलतज्ज्ञाने आकडे जमवून वरिष्ठांचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. परंतु पुष्कळ काळ कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. चौकशी समितीचा अहवाल २००१ मध्ये आला, तेव्हा ज्यांना ठाऊक होते त्यांच्या ठाऊक असण्याला रुग्णालयाच्या व्यवस्थेत काही जागाच नव्हती, हे उघड झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील नवपदवीधर डॉक्टरांच्या प्रशिक्षणात सहकाऱ्यांची साक्ष हा नियमित भाग झाला.

शेफील्ड येथे बालरोगतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी तयार केलेली चोवीस प्रश्नांची प्रश्नावली २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक बाबीस सहा गुणांच्या श्रेणीवर मोजावयाचे होते. बर्मिंगहॅमच्या परिसरात याहून साधा मार्ग निघाला. तेथे चारच गोष्टी विचारीत : रुग्णांशी विश्वासाचे नाते, बोलणे, संघात काम करणे, आणि हाक मारल्यावर उपलब्ध असणे. प्रत्येकापुढे तीनच पर्याय : काही चिंता नाही, थोडी चिंता आहे, मोठी चिंता आहे. चिंता व्यक्त केल्यास ती का वाटते हे शब्दांत लिहावयाचे. प्रस्तुत लेखकास आपल्या देशासाठी हा दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. आपल्याकडे सहापैकी पाच किंवा दहापैकी नऊ देण्याची सवय इतकी जडलेली आहे, की अशा श्रेणींतून सौजन्य तेवढे मोजले जाते.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, दिल्लीतील एका मोठ्या रुग्णालयाच्या वैद्यक विभागात दुसऱ्या वर्षाचा एक निवासी डॉक्टर आहे. त्याच्याविषयी पंधरा जणांना विचारले : तीन अध्यापक, चार बरोबरचे निवासी डॉक्टर, दोन इंटर्न, चार परिचारिका, एक टेक्निशियन आणि एक नोंदी ठेवणारा कारकून. ‘बोलावल्यावर वेळेवर येतो’ या विधानापुढे सहापैकी गुण द्यावयाचे आहेत. अध्यापकांनी ६, ६ आणि ५ दिले. बरोबरच्यांनी ५, ५, ५ आणि ४. इंटर्नांनी ३ आणि ३. परिचारिकांनी २, ३, २ आणि ३. टेक्निशियनने ३. कारकुनाने ‘सांगता येत नाही’ या रकान्यात खूण केली, आणि ती अगदी प्रामाणिक होती. चौदा जणांच्या गुणांची बेरीज ५५ होते. सरासरी चारच्या किंचित खाली. विभागप्रमुखाने हा एकच आकडा पाहिला, तर ‘ठीक आहे’ म्हणून तो कागद फाइलीत ठेवील.

आकडे गटवार मांडले की निराळेच चित्र दिसू लागते. जो जितका वरच्या पायरीवरून पाहतो, त्यास हा डॉक्टर तितका तत्पर दिसतो. जो खालून पाहतो, त्यास तो तितका सुस्त दिसतो. अध्यापकाने बोलावले की तो धावत येतो, आणि परिचारिकेने बोलावले की येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने दुसरी हाक अधिक महत्त्वाची असते, कारण रात्री श्वास लागलेल्या माणसाजवळ परिचारिकाच असते. कोणत्याही लेखी वा तोंडी परीक्षेतून ही गोष्ट बाहेर आली नसती.

परंतु एवढ्यावरून त्या डॉक्टरास दोषी ठरविणे घाईचे होईल. विचारपूस केली असता असेही निघू शकते, की रात्री त्याच्याकडे दोन मजल्यांवरील दोन वॉर्ड आणि शिवाय अपघात विभागातून येणारे रुग्ण होते. एका वॉर्डातील सिस्टरला दुसऱ्या वॉर्डातील धावपळ दिसत नव्हती. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांचे काम आठवड्यास साधारण अठ्ठेचाळीस तास असावे, असे नमूद केलेले आहे. मोठ्या रुग्णालयांतील प्रत्यक्ष स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. तेव्हा सहकाऱ्यांची साक्ष कित्येकदा माणसाविषयी बोलता बोलता ड्युटीच्या तक्त्याविषयी बोलून जाते. तिच्यातले काय माणसाचे आणि काय तक्त्याचे, हे वेगळे करणे हे मूल्यमापन करणाराचे पहिले काम होय. आणि ते आकड्यांच्या यंत्राकडून होत नाही.

भाषेचाही येथे मोठा वाटा असतो. दिल्लीच्या वॉर्डात केरळच्या परिचारिका, पूर्वांचलचे रुग्ण आणि देशाच्या सर्व भागांतून आलेले निवासी डॉक्टर एकत्र येतात. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाचेच उदाहरण घ्या. मराठीत ‘तुम्ही’ हे आदरार्थी. म्हणून तो हिंदीत सहजपणे ‘तुम’ म्हणतो, आणि सत्तरीच्या वृद्धास ‘तुम इधर बैठो, कपडा निकालो’ असे सांगतो. त्याच्या कानास त्यात काही खटकत नाही. लखनौकडच्या वृद्धास मात्र तो अपमान वाटतो, आणि शेजारी उभी असलेली सिस्टर प्रश्नावलीत ‘रुग्णांशी आदराने बोलत नाही’ असे लिहिते. हा मुलगा स्वभावाने उद्धट नाही. आपण कसे ऐकू येतो हे त्यास तीन वर्षांत कोणी सांगितले नाही, एवढेच. असे एक वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचले, तर ‘आप’ म्हणावयास त्यास एक दिवसही लागणार नाही. सहकाऱ्यांच्या साक्षीचा सर्वांत निर्मळ उपयोग जर कोणता असेल, तर तो हा.

तिचा सर्वांत काळजीचा भागही सहकाऱ्यांतूनच येतो. सहकारी हे निःपक्षपाती यंत्र नव्हे. वसतिगृहातील मैत्री, एका प्रांताचे किंवा एका महाविद्यालयाचे असणे, प्रबंधाच्या विषयावरून झालेली चढाओढ, स्त्रीने वरिष्ठपणे बोलल्यास ‘तोऱ्यात असते’ असे म्हणण्याची सवय, हे सारे प्रश्नावलीत उतरते. आणि आपल्या देशात जात उतरते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी २००६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल २००७ मध्ये सादर झाला. वसतिगृहातील वेगळेपणा, अध्यापकांचा दुरावा, आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांतील मूल्यमापनाविषयीची तक्रार या गोष्टी त्या विद्यार्थ्यांनी समितीपुढे मांडल्या. त्यातील एक मुद्दा आपल्या विषयाशी थेट भिडतो. लेखी उत्तरपत्रिकेपेक्षा जेथे माणूस माणसास समोर पाहून गुण देतो, तेथे पूर्वग्रहास अधिक वाव मिळतो. सहकाऱ्यांची साक्ष तर अशाच गुणदानाची सर्वांत पसरट रीत आहे.

मुंबईच्या नायर रुग्णालयात २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण निवासी डॉक्टरचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून केलेल्या छळामुळे तिने आत्महत्या केली असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला, आणि तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर खटला भरण्यात आला. त्या खटल्यातील सत्यासत्य ठरविणे न्यायालयाचे काम आहे. येथे ते नाव घेण्याचे कारण एवढेच, की ‘सहकारी’ हा शब्द आपण ज्या विश्वासाने उच्चारतो, तो विश्वास प्रत्येक निवासी डॉक्टरच्या वाट्यास येत नाही. एखाद्या कनिष्ठ डॉक्टरचे भवितव्य केवळ तिच्या युनिटातील वरिष्ठांच्या गुप्त मतांवर सोपविले, तर जी पद्धत मुकी साक्ष बोलकी करण्यासाठी निघाली, तीच छळाचे आणखी एक साधन होईल.

मग उपाय काय? पहिला उपाय रॅम्झींच्या निष्कर्षातच आहे : साक्षीदार पुष्कळ हवेत आणि ते निरनिराळ्या पायऱ्यांवरचे हवेत. तीन वरिष्ठ मिळून एकीविरुद्ध लिहू शकतात; परंतु चार परिचारिका, दोन इंटर्न, शेजारच्या युनिटातील दोन निवासी डॉक्टर आणि भूलशास्त्र विभागातील एक जण यांच्या साक्षी त्यांच्याशी जुळल्या नाहीत, तर ती विसंगतीच चौकशीचे कारण व्हावयास हवी. अशी विसंगती दिसली की प्रथम लिहिणारांकडे पाहावे, लिहिल्या गेलेल्याकडे नंतर. दुसरा उपाय साक्षीदारांच्या निवडीचा. पूर्णपणे स्वतःच निवडू दिल्यास मित्रांचीच नावे येतात, आणि विभागप्रमुखानेच निवडल्यास त्याच्या मर्जीतील माणसे येतात. निम्मी नावे डॉक्टरने सुचवावी आणि निम्मी ड्युटीच्या तक्त्यावरून चिठ्ठ्या टाकून काढावी, हा मधला मार्ग गैरसोयीचा असला तरी न्याय्य आहे. तिसरा उपाय प्रश्नांच्या घडणीचा. ‘स्वभाव कसा आहे?’ असे विचारले की पूर्वग्रहास मोकळे रान मिळते. ‘गेल्या तीन महिन्यांत बोलावूनही आला नाही असे घडले काय? केव्हा?’ असे विचारले की लिहिणारास काही आठवावे लागते, आणि जे आठवत नाही ते लिहिताना हात थोडा तरी अडखळतो.

गुप्ततेविषयी मात्र सरळ उत्तर नाही. नाव उघड होणार असेल, तर कोणती सिस्टर एखाद्या डॉक्टरविषयी, किंवा कोणता इंटर्न आपल्या वरिष्ठाविषयी खरे लिहील? आणि नाव पूर्णपणे झाकले, तर निराधार लिहिणारास कोण अडवील? शिवाय ज्या युनिटात दोनच इंटर्न आहेत, तेथे ‘इंटर्नांचे मत’ असा रकाना छापला की गुप्तता संपलीच. त्यावरील व्यवहार्य तोडगा असा, की नावे एका त्रयस्थ माणसास ठाऊक असावीत (तो त्या विभागाचा नसावा), तीनपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा न दाखविता दुसऱ्या गटात मिळवावा, आणि शब्दांत लिहिलेला मजकूर हस्ताक्षरात न देता पुन्हा लिहून द्यावा. आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी सांगितले की त्यांच्या शिक्षणकाळात असा एक प्रयोग झाला होता, आणि हस्ताक्षर ओळखून वसतिगृहात आठ दिवस अबोला चालला. तो प्रयोग पुढे चालू राहिला नाही.

सर्वांत अवघड टप्पा यानंतरचा, म्हणजे जे गोळा झाले ते त्या डॉक्टरास सांगण्याचा. सांगितले की सुधारणा होते, हा समज भाबडा आहे. क्लुगर आणि डीनिसी या दोघा अभ्यासकांनी १९९६ मध्ये अशा प्रत्याभरणाच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित विचार केला. सरासरीने पाहता कामगिरी सुधारते, परंतु एक-तृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती उलट घसरते, असे त्यांना दिसले. ऐकणाराचे लक्ष कामावरून उडून स्वतःच्या प्रतिष्ठेकडे वळले, की उपयोग कमी होतो. तुमच्यात संवेदनशीलता नाही, असे म्हटले की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. मंगळवारी रात्री बारा नंबरच्या खाटेवरील बाईच्या मुलास तुम्ही चालता चालता बातमी सांगितली, असे म्हटले की त्यास ती रात्र आठवते. डॉक्टरांच्या बाबतीतील अभ्यासांचा २०१० मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही बहुस्रोत मूल्यमापनाने वागणूक बदलू शकते, पण तो बदल समोर बसून समजावून सांगणारा माणूस कसा आहे यावर बराच अवलंबून असतो, असे आढळले. लखोट्यातून आकडे पाठवून भागत नाही.

आपल्या नियमांत या साऱ्याला कितपत जागा आहे? भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती व संवाद यांवरील स्वतंत्र पाठ्यक्रम दिला, आणि २०१९ पासून पदवी शिक्षणात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम सुरू झाला. परिषदेच्या जागी २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकांत विद्यार्थ्याच्या नियतकालिक मूल्यमापनाचा एक नमुना दिलेला आहे. त्यात जर्नलवाचन, रुग्णाधारित शिक्षण, प्रबंध, नोंदवही इत्यादी बाबींस एक ते नऊ अशी श्रेणी असून, चारपेक्षा कमी श्रेणी दिल्यास सुधारणेचा उपाय सुचवावा आणि विद्यार्थ्यास व्यक्तिशः प्रत्याभरण द्यावे, अशी सूचना आहे. सूचना उत्तम आहे. परंतु त्या कागदावर सह्या असतात त्या विद्यार्थ्याच्या, कन्सल्टंटच्या आणि विभागप्रमुखाच्या. सिस्टरच्या सहीची जागा नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि दिल्लीतूनच कारभार चालविणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळानेही आपल्या प्रशिक्षणार्थींच्या मधल्या मूल्यमापनात कामाच्या जागी होणाऱ्या पारखेस स्थान दिले आहे. तेथेही पारख करणारा अध्यापकच. विचार मात्र पुढे गेलेला आहे. वैद्यकीय शिक्षणातील मूल्यमापनाविषयी तेजिंदर सिंग आणि अंशू यांनी संपादित केलेला ग्रंथ २०१२ मध्ये दिल्लीहूनच प्रसिद्ध झाला; संपादकांपैकी एक लुधियानाचे आणि दुसऱ्या आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या. म्हणजे कल्पना परकी राहिलेली नाही. तिला वॉर्डापर्यंत नेणे तेवढे उरले आहे.

ती नेताना एक पथ्य पाळावे लागेल. सुधारणेसाठी घेतलेली साक्ष आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविण्यासाठी घेतलेली साक्ष या एकाच कागदावर नांदत नाहीत. या मतामुळे आपल्या सहकाऱ्याची पदवी अडेल, असे कळताच लिहिणारे एक तर सर्व ठिकाणी ‘उत्तम’ लिहितात किंवा जुने हिशेब चुकते करतात. म्हणून निदान पहिली काही वर्षे तरी हे कागद त्या डॉक्टरच्या आणि त्यास समजावून सांगणाऱ्या अध्यापकाच्या हातांपलीकडे जाऊ नयेत. अपवाद एकच : रुग्णाच्या जिवास धोका होईल असे काही पुन्हा पुन्हा आणि निरनिराळ्या माणसांकडून लिहून आले, तर ते झाकून ठेवता येणार नाही. त्याची चौकशी वेगळ्या मार्गाने, नाव-गाव घेऊन, त्या डॉक्टरास आपली बाजू मांडू देऊन व्हावयास हवी.

एका साक्षीदाराचा विचार मात्र परदेशातील प्रश्नावल्यांत फारसा आढळत नाही. आपल्या वॉर्डातील आया, सफाई कामगार आणि वॉर्डबॉय रात्रभर तेथेच असतात. निवासी डॉक्टर बदलत जातात, हे तेथेच राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांना छापील कागद वाचता येणार नाही, आणि आला तरी डॉक्टरविरुद्ध लिहिण्याची सवय त्यांना नाही. त्यांना विचारावयाचे असेल तर तोंडी विचारावे लागेल, हिंदीत विचारावे लागेल, आणि विचारणारा त्या युनिटाचा नसावा. प्रश्नही दोनच पुरेत. रात्री बोलावल्यावर हे डॉक्टर येतात का? आणि तुमच्या घरचे माणूस आजारी पडले, तर यांच्याकडे आणाल का?